ऑफिस आणि घाट, दोन्हींसाठी एकच सायकल: बेताच्या किमतीत काय बघून घ्यावी?

पुण्यात कोथरूडहून हिंजवडीला किंवा हडपसरहून खराडीला रोज सायकलने जायचे आणि रविवारी त्याच सायकलवर खडकवासला, पानशेत नाहीतर बोपदेव घाट करून यायचे, असे मनाशी ठरवून माणूस दुकानात जातो आणि तिथे गेल्यावर गोंधळतो. १५ ते ३० हजार रुपयांच्या टप्प्यात इतक्या सायकली रांगेने उभ्या असतात, आणि प्रत्येकीवर ‘२१ गिअर’, ‘ड्युअल डिस्क’, ‘फ्रंट सस्पेन्शन’ अशी इतकी लेबले असतात, की त्यांतले आपल्या उपयोगाचे कोणते आणि दिखाऊ कोणते हे ठरवणे अवघड जाते. या लेखात तेवढेच सोपे करून सांगायचे आहे. या किमतीत सायकल आपल्याला वर्षानुवर्षे साथ देणार की चार महिन्यांत जिन्याखाली धूळ खात पडणार, हे माझ्या मते मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: फ्रेम आपल्या मापाची आहे का, सर्वांत हलका गिअर खरोखरच हलका आहे का, आणि मागचे चाक मजबूत आहे का. लेबलांवर या तिन्हींपैकी एकही गोष्ट ठळक छापलेली नसते, आणि म्हणूनच त्या आपल्याला माहीत असाव्या लागतात.

आधी प्रकार थोडक्यात पाहू. खाली वाकलेल्या हँडलची, बारीक टायरची रोड बाइक वेगवान असते, पण तीस हजारांच्या आत चांगल्या दर्जाची नवी रोड बाइक मिळणे कठीण आहे, आणि खड्डे चुकवत, सिग्नलला थांबत ऑफिस गाठताना तिचा वाकलेला पवित्रा रोज सुखाचा वाटेलच असे नाही. पुढे शॉकअप आणि जाड खवल्यांचे टायर असलेली एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, रुबाबदार दिसते आणि दुकानात सर्वाधिक खपतेही, परंतु डांबरी रस्त्यावर तिचे टायर गुरगुरत राहतात आणि आपली ताकद खात राहतात. या दोघींच्या मधली जी हायब्रिड, म्हणजे सरळ हँडल, मोठी चाके, मध्यम रुंदीचे बऱ्यापैकी गुळगुळीत टायर आणि पुढचे चाक धरणारा साधा ताठ चिमटा असलेली सायकल, ती आपल्या दुहेरी कामासाठी योग्य. वेग थोडा कमी मिळतो, ही तडजोड मान्य करावी. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे या प्रकारात २०० किलोमीटरचे अंतर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असते, म्हणजे विश्रांती धरून ताशी सुमारे १५ किलोमीटर, आणि साध्या हायब्रिडवर हे अंतर वेळेत पूर्ण करणारे लोक आहेत. त्यामुळे ‘हायब्रिडवर लांबचे जमत नाही’ या सांगण्यावर फार विसंबू नये.

पुढच्या शॉकअपबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे, कारण ‘आपले रस्ते खराब, म्हणून शॉकअप हवाच’ हा युक्तिवाद पटण्यासारखा वाटतो. महागड्या शॉकअपमध्ये स्प्रिंगबरोबर तिच्या हालचालीला आवर घालणारी तेलाची यंत्रणा असते. स्वस्त शॉकअपमध्ये बहुतेक वेळा नुसती स्प्रिंग असते. ती खड्ड्यात दबते आणि लगेच उसळते, चढावर उभे राहून पेडल मारताना आपला जोर पिऊन टाकते, ताठ चिमट्यापेक्षा साधारण दीड किलो जास्त वजन वागवायला लावते, आणि दोन पावसाळे बाहेर काढले की आतून गंजून जवळपास चिमट्यासारखीच ताठ होऊन बसते. खराब रस्त्याचे दणके कमी करायचे असतील तर त्यासाठी ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचा टायर आणि त्यात योग्य हवा, हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. शॉकअपचे जे दोन-अडीच हजार रुपये वाचतात ते कंपनीने दुसऱ्या सुट्या भागांवर खर्च केलेले असतात, आणि ते आपल्याला रोज जाणवतात.

टायरवर तीन आकडे दिसतात, उदाहरणार्थ ७०० × ३५ आणि शेजारी ३५-६२२. यातला ३५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी आणि ६२२ म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो त्या वर्तुळाचा व्यास. हा ६२२ चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण ‘२९ इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एमटीबीचे रिमही याच मापाचे असते. ज्यांच्या घरी अशी एमटीबी आधीच पडून आहे त्यांनी नवी सायकल घेण्यापूर्वी, रिमची रुंदी मेकॅनिककडून तपासून, तिला ४० मिलिमीटरच्या आसपासचे गुळगुळीत टायर लावून पाहावेत. सायकल ओळखू येणार नाही इतकी हलकी पळते. हवेचेही तसेच आहे. टायरच्या कडेला छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. सत्तर किलोच्या माणसाला ३५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ५० ते ६५ पीएसआय हवा पुरते, मागे थोडी जास्त आणि पुढे थोडी कमी. आठवड्यातून एकदा हवा तपासावी, कारण सायकलच्या ट्यूबमधून ती आपोआप कमी होत जाते आणि कमी हवेत खड्ड्याच्या कडेवर चाक आदळले की ट्यूब रिम आणि टायर यांच्यात चिमटून पंक्चर होते.

आता गिअरकडे वळू, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. २१ गिअरची सायकल ८ गिअरच्या सायकलपेक्षा अडीचपट चांगली, असा हिशेब ग्राहक करतो आणि विक्रेता तो खोडत नाही. प्रत्यक्षात गिअर म्हणजे पुढच्या चक्रीचे दात भागिले मागच्या चक्रीचे दात, इतकाच हिशेब आहे. पुढे २८ दात आणि मागे १४ असतील तर पेडलचा एक फेरा झाला की चाकाचे दोन फेरे होतात. पुढे ४८ आणि मागे २४ असतील तरीही दोनच होतात. स्वस्त सायकलींवर सर्रास आढळणाऱ्या ४८-३८-२८ आणि १४ ते २८ या रचनेत हे दोन्ही ‘वेगळे’ गिअर मोजले जातात, पण पायाला ते तंतोतंत एकच आहेत. शिवाय पुढची सर्वांत मोठी चक्री आणि मागचीही सर्वांत मोठी, अशी जोडी लावली की चेन तिरकी ओढली जाते, खरखरते आणि लवकर झिजते, म्हणून त्या जोड्या वापरायच्याच नसतात. एकवीसपैकी खऱ्या अर्थाने उपयोगी आणि वेगवेगळे गिअर साधारण निम्मेच उरतात. म्हणून संख्या विचारू नये. सर्वांत हलका गिअर कोणता आणि सर्वांत जड कोणता, एवढेच विचारावे.

हलक्या गिअरला एवढे महत्त्व का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ७०० × ३५ टायरच्या चाकाचा घेर सुमारे २.१७ मीटर असतो. बिनगिअरच्या साध्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दात धरले, तर पेडलच्या एका फेऱ्यात ती ५.३ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले की ताशी १९ किलोमीटर वेग मिळतो आणि सपाट रस्त्यावर हे अगदी छान चालते. आता हीच सायकल घाटात न्या. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि सिंहगडाचा माथा १,३०० मीटरच्या आसपास. यातला बहुतेक चढ शेवटच्या काही किलोमीटरांत एकवटलेला आहे. आठ टक्क्यांच्या चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना आठ मीटर वर चढणाऱ्या रस्त्यावर, सायकल आणि सामान धरून ८८ किलो वजन ताशी ७ किलोमीटर वेगाने वर न्यायला सुमारे १५० वॉट ताकद लागते. सरावातला साधा माणूस एवढी ताकद बराच वेळ लावू शकतो, पण कोणत्या गिअरमध्ये, हा खरा प्रश्न आहे. त्या बिनगिअरच्या सायकलवर ताशी ७ किलोमीटरला मिनिटाला फक्त २२ फेरे पडतात. प्रत्येक फेरा म्हणजे जिना चढण्याच्याही पलीकडचा जोर, आणि तो सगळा गुडघ्यावर. पुढे २८ आणि मागे २८ असा गिअर असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २.१७ मीटर जाते आणि मिनिटाला ६० फेरे मारले की ताशी पावणेआठ किलोमीटरने चढते. मागे ३४ दातांची चक्री असेल तर तेच ६० फेरे ताशी साडेसहा किलोमीटरच्या आतबाहेर वेग देतात, आणि दमलेला माणूसही न उतरता वर पोहोचतो.

यावरून एक सोपा नियम निघतो, जो दुकानात दात मोजून लगेच लावता येतो: पुढच्या सर्वांत लहान चक्रीचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीच्या दातांइतके किंवा त्याहून कमी असावेत. हल्ली पुढे एकच चक्री आणि मागे ८ किंवा ९ अशी रचना लोकप्रिय होते आहे. ती शहरात फार सोयीची आहे, कारण डाव्या हाताचा गिअर नाही, पुढची चेन उतरत नाही आणि बिघडण्याजोगा एक भाग कमी. परंतु पुढे ३८ आणि मागे ३४ असेल तर नियमात बसत नाही. मिनिटाला ६० फेऱ्यांना ताशी पावणेनऊ किलोमीटर वेग हवा, आणि आठ टक्क्यांवर तो नवख्याला झेपत नाही. नागपूर-वर्ध्याकडच्या सपाट रस्त्यांवर ही सायकल घेतली तरी काही बिघडत नाही. पण ज्यांच्या रविवारच्या वाटेवर दिवे घाट, बोपदेव किंवा खंबाटकी आहे त्यांनी पुढे दोन किंवा तीन चक्र्या असलेली सायकल तरी घ्यावी, नाहीतर मागे अधिक मोठी चक्री बसते का हे आधी विचारून घ्यावे. जड गिअरची काळजी करायची गरज नाही. ४८-१४ वर मिनिटाला ७० फेरे मारले तरी ताशी ३० च्या वर वेग जातो, आणि उतारावर त्याहून जास्त वेगाने पेडल मारण्याची आपल्याला निकडही नसते.

गिअर बदलणाऱ्या भागांच्या दर्जाबद्दल दोन वाक्ये पुरेत. शिमानो या कंपनीच्या श्रेणी चढत्या क्रमाने टूर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, देओर अशा आहेत, आणि आपल्या किमतीत टूर्नी किंवा अल्टस मिळते, जे नीट जुळवलेले असेल तर व्यवस्थित काम देते. मात्र डोळ्यांना दिसणारा मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) वरच्या श्रेणीचा लावायचा आणि न दिसणारे हब (चाकाचा मधला भाग), क्रँक (पेडलची दांडी), चेन यांवर पैसे वाचवायचे, हा प्रकार सर्रास चालतो, म्हणून एका नावावर भुलू नये.

हबचा विषय निघाला आहे तर मागच्या चाकाजवळ जरा थांबू, कारण लांबच्या रपेटीत मदतीला कोणी नसताना दगा देणारा भाग तोच आहे. आपल्या वजनाचा मोठा हिस्सा मागच्या चाकावर असतो, पेडलचा सगळा जोर तिथेच पोहोचतो आणि खड्ड्याचा दणकाही सर्वांत जास्त तिथेच बसतो. मागच्या चक्र्या चाकाला जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या आणि स्वस्त पद्धतीत फ्रीव्हील नावाचा संपूर्ण गठ्ठा हबवर आट्यांनी फिरवून बसवलेला असतो. त्याला जागा करून देण्यासाठी उजव्या बाजूचे छर्रे हबच्या आतल्या भागात सरकवावे लागतात, आणि त्यामुळे एक्सलचा उजवीकडचा बराच तुकडा कोणत्याही आधाराविना बाहेर राहतो. चक्र्या जितक्या जास्त तितका हा तुकडा लांब. वजनदार माणूस, पाठीशी सामान आणि न दिसलेला खड्डा एकत्र आले की एक्सल तिथेच वाकतो, आणि काही वेळा तुटतोही. दुसऱ्या पद्धतीत चक्र्यांचा कॅसेट हबच्याच अंगावरच्या फिरत्या भागावर सरकवून बसतो आणि छर्रे अगदी फ्रेमच्या टोकाजवळ येतात, त्यामुळे एक्सलला दोन्हीकडे आधार मिळतो.

दुकानात हे ओळखायचे कसे? सर्वांत लहान चक्रीच्या मधोमध, हत्यार अडकवण्यासाठी खाचा असलेली एक कडी दिसते. मागच्या चक्र्या हाताने उलट्या फिरवाव्यात. ती कडी चक्र्यांबरोबर फिरली तर कॅसेट, आणि चक्र्या फिरूनही ती जागच्या जागी राहिली तर फ्रीव्हील. साधारणपणे मागे सात चक्र्या असतील तर फ्रीव्हील आणि आठ-नऊ असतील तर कॅसेट असते, पण आठ चक्र्यांची फ्रीव्हीलही मिळते, म्हणून फिरवून पाहावेच. वजन साठ किलोच्या आत असेल, अंतर रोजचे दहा-बारा किलोमीटर असेल तर फ्रीव्हीलही वर्षानुवर्षे टिकते. आपले वजन ऐंशीच्या पुढे असेल आणि मागे कॅरिअरवर लॅपटॉपची बॅग जाणार असेल तर दोन-तीन हजार रुपये जास्त देऊन कॅसेटची सायकल घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. त्याबरोबरच मागच्या चाकाला ३२ किंवा ३६ तारा आणि दुपदरी भिंतीचे रिम आहे ना, हेही पाहावे. तारांच्या जोड्या हातांनी दाबून पाहिल्या की एखादी सैल तार लगेच कळते. नव्या सायकलच्या तारा यंत्राने ताणलेल्या असतात आणि सुरुवातीच्या वापरात थोड्या सैलावतात, म्हणून चाकातला आउट, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे होणारी डुगडुग, महिनाभराने काढून घेणे आवश्यक असते.

आता फ्रेमच्या मापाकडे येऊ. आपल्याकडे सायकल अंगाला लावून घेण्याची सवय नाही. दुकानात जे माप शिल्लक आहे ते ‘सीट वर-खाली करून चालेल’ म्हणून गळ्यात मारले जाते. सीट वर-खाली होते हे खरे, पण सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर फारसे बदलता येत नाही. मोठ्या फ्रेमवर माणूस ताणून बसतो आणि वीस किलोमीटरनंतर मान, खांदे आणि तळहात दुखू लागतात. लहान फ्रेमवर गुडघे हँडलकडे येतात आणि पाठ गोळा होते. ऑफिसच्या अर्ध्या तासात ही चूक लक्षात येत नाही, रविवारच्या तिसऱ्या तासाला ती सहन होत नाही. म्हणून घरीच पायाचे माप घ्यावे. अनवाणी भिंतीला पाठ टेकवून उभे राहावे, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक पायांमध्ये सीटसारखे घट्ट वर दाबून धरावे, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावे. समजा ते ७८ सेंटिमीटर आले. त्याला ०.८८३ ने गुणले की सुमारे ६९ सेंटिमीटर येतात. क्रँक ज्या मध्याभोवती फिरते तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण एवढी असावी. हा गुणक अमेरिकेचे सायकलपटू ग्रेग लेमॉन्ड यांच्यामुळे जगभर रूढ झाला. आकडेमोड नको असेल तर सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी. पेडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात हवा तेवढाच किंचित वाक उरतो. एवढ्या उंच सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकत नाहीत आणि नवख्याला भीती वाटते. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय लावून घ्यावी, पण भीतीपोटी सीट खाली ठेवू नये, कारण गुडघेदुखीचे ते फार मोठे कारण आहे.

फ्रेमच्या वरच्या दांडीवर दोन्ही पाय टाकून उभे राहिल्यावर तीन-चार सेंटिमीटर तरी अंतर सुटले पाहिजे. आपली उंची दोन मापांच्या मध्ये पडत असेल तर हायब्रिडमध्ये लहान माप घ्यावे, असे माझे मत आहे. सीट वर करता येते आणि हँडलचा पुढचा तुकडा थोडा लांबही बदलता येतो, पण मोठी फ्रेम आखूड करता येत नाही. बायकांच्या बाबतीत आणि पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या सर्वांच्याच बाबतीत हे आणखी महत्त्वाचे आहे, कारण दुकानांत लहान मापाची फ्रेम ठेवलेली नसते आणि मागवायला आठ-दहा दिवस लागतील म्हणून विक्रेता मोठी पुढे करतो. थांबावे, पण मापाचीच घ्यावी.

सरळ हँडलची एक उणीव मान्य करायला हवी. तासन्‌तास एकाच ठिकाणी हात राहिल्याने करंगळीच्या बाजूची शीर दबते आणि बोटांना मुंग्या येतात. हँडलच्या टोकांना बसणाऱ्या शिंगांसारख्या लहान दांड्या काही शे रुपयांत मिळतात आणि हाताला दुसरी जागा देतात. समोरून वारा असताना पुढे झुकायलाही त्या उपयोगी पडतात, आणि वेग ताशी पंचवीसच्या घरात गेला की आपली बहुतांश ताकद हवेशी झगडण्यातच जाते, हे लक्षात घेतले तर झुकण्याचे महत्त्व कळेल. सीटचा नियम मात्र अंदाजाच्या उलट आहे: जाड, मऊ, गुबगुबीत सीट पहिल्या दहा मिनिटांत सुखाची वाटते, परंतु तासाभराने मांड्यांना घासते आणि नको तिथे रुतते. मध्यम रुंदीची, थोडी कडक सीट लांबच्या प्रवासाला बरी, आणि शरीराला तिची सवय व्हायला दोन-तीन आठवडे द्यावेत.

ब्रेकबाबत कोकणात, मुंबईत आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून ठरवावे. रिमला रबर दाबणारे व्ही-ब्रेक ओल्या रिमवर लगेच पकडत नाहीत; चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पाणीच पुसले जाते. शिवाय चिखलातली कच रबरात रुतून रिम घासत राहते. डिस्क ब्रेकला हा त्रास कमी. परंतु वीस हजारांच्या खाली बिननावाच्या डिस्कपेक्षा नीट जुळवलेले, नावाजलेल्या कंपनीचे व्ही-ब्रेक मला जास्त भरवशाचे वाटतात. त्यांचे रबर थोडक्या पैशांत मिळते आणि तालुक्याच्या गावातला मेकॅनिकही ते पाच मिनिटांत बदलून देतो. चारही महिने भर पावसात ऑफिसला जायचेच असेल तर चांगल्या कंपनीच्या तारेच्या डिस्क ब्रेकसाठी जादा पैसे मोजावेत. तेलाचे डिस्क ब्रेक सर्वांत मऊ आणि जोरदार असतात, पण दुरुस्तीला ते जाणणारा मेकॅनिक जवळ हवा.

फ्रेम लोखंडी की अॅल्युमिनियमची, यावर ग्राहक जितका खल करतात तितका फरक या किमतीत पडत नाही. अॅल्युमिनियम गंजत नाही आणि थोडे हलके असते, लोखंड वेल्डिंगने दुरुस्त होते. माप बरोबर असेल तर कोणतेही चालेल. वजनाचेही तसेच. या किमतीत सायकली १२ ते १५ किलोच्या असतात. वर धरलेल्या ८८ किलोंतून दोन किलो कमी केले तर तासाभराच्या घाटात जेमतेम सव्वा-दीड मिनिट वाचते. त्यासाठी पाच हजार जास्त देण्यापेक्षा ते कॅसेटच्या हबवर आणि चांगल्या टायरवर लावणे शहाणपणाचे.

रोजच्या कामाची सायकल म्हणून एक बारीक गोष्ट तपासावी: मागच्या एक्सलच्या वर आणि सीटच्या खाली फ्रेमला कॅरिअर आणि मडगार्डसाठी स्क्रूची भोके आहेत का. ती नसली तर लॅपटॉप पाठीवर घ्यावा लागतो, आणि एप्रिलमध्ये पाठीवर बॅग घेऊन ऑफिसला पोहोचल्यावर सदऱ्याची काय अवस्था होते हे सांगायला नको. डिस्क ब्रेकच्या सायकलींवर ब्रेकचा भाग कॅरिअरच्या दांडीच्या आड येतो, म्हणून कॅरिअर त्याच दुकानातून बसवून घ्यावा आणि बॅगेला टाच लागत नाही ना, हे पेडल मारून पाहावे.

पैशांचा हिशेब पहिल्यापासूनच वेगळा धरावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या किमतीचे लेबल दाखवले जात असेल तर जरूर विचारावे. एकूण २५ हजार खर्चायचे असतील तर सायकल १९-२० हजारांची घ्यावी आणि उरलेले हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, जाड कुलूप, मडगार्ड, कॅरिअर, हातपंप, एक जादा ट्यूब आणि पंक्चरचे सामान यांसाठी राखून ठेवावेत. हे सामान नंतर घेऊ म्हटले की राहून जाते, आणि दिवा नसलेली सायकल संध्याकाळी सहानंतर ऑफिसच्या कामाची उरत नाही. कुलूप लावताना फ्रेम आणि चाक दोन्ही एकदम गुंतवावीत. हाताने उघडणारी चाके असतील तर विशेषच.

वापरलेली सायकल घेणे हा फार चांगला मार्ग आहे, कारण उत्साहाने घेऊन न चालवलेल्या सायकली शहरात भरपूर आहेत आणि पंधरा हजारांत मूळ तीस हजारांची सायकल मिळू शकते. मूळ बिल आणि त्यावरचा फ्रेम नंबर जुळतो का ते आधी पाहावे. जुळत नसेल तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. मग जोडांजवळ रंगाला बारीक तडा गेलेला नाही ना ते उजेडात बघावे. चेनसाठी साधी इंचांची पट्टी पुरते: एका पिनच्या मध्यावर शून्य धरले की नव्या चेनची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती एक अष्टमांश इंचाने पुढे गेली असेल तर चेनबरोबर चक्र्याही झिजलेल्या असतात, आणि तो सगळा खर्च किमतीतून वजा करून मागावा. व्ही-ब्रेकच्या सायकलवर रिमच्या बाजूवरून बोट फिरवावे. ती आत खोलगट लागली तर रिमचे आयुष्य संपत आले आहे.

नवी असो वा जुनी, पैसे देण्यापूर्वी निदान पंधरा मिनिटे चालवून पाहावी, आणि तेही दुकानासमोरच्या सपाट गल्लीत नव्हे, तर जवळपासच्या एखाद्या चढावर. सर्वांत हलका गिअर लावून बसल्या बसल्या चढता येते का, चेन खरखरते का, दोन्ही ब्रेक दोन बोटांनी दाबल्यावर सायकल थांबते का, हात सोडावेसे न वाटता हँडल आपोआप हाताखाली येते का, एवढे पाहिले तरी पुरे. चाक उचलून फिरवावे आणि रिम व ब्रेकचे रबर यांच्यातल्या फटीकडे बघावे. फट फेऱ्यागणिक लहान-मोठी होत असेल तर आउट काढून मगच घ्यावी. ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते. ती घरी जोडताना डावे पेडल उलट आट्यांचे असते हे विसरून जोर लावला की क्रँकचे आटे कायमचे जातात, म्हणून तीन-चारशे रुपये देऊन ती मेकॅनिककडूनच जोडून घेतलेली बरी.

पहिल्या महिन्याभरात किंवा दीड-दोनशे किलोमीटरनंतर पहिली सर्व्हिसिंग करून घ्यावी. गिअर आणि ब्रेकच्या तारा या काळात थोड्या ताणल्या जातात, क्रँकचे बोल्ट सैल होतात आणि मागच्या तारांना पुन्हा ताण द्यावा लागतो. सैल क्रँकवर तसेच चालवत राहिले तर तिचे चौकोनी भोक रुंदावते आणि नंतर कितीही आवळली तरी ती घट्ट बसत नाही. ही पहिली सर्व्हिसिंग झाल्यावरच सायकल घाटात न्यावी, आणि जाताना ज्या मापाच्या ट्यूब व पान्याची गरज पडेल ते बरोबर घेतले आहेत ना, हे घरी एकदा चाक खोलून, ट्यूब बदलून पाहून खात्री करून घ्यावी.